सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा पाया : पदव्युत्तर अभ्यासाचा एक आढावा

इ. स. १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात, बव्हेरियाच्या आल्प्स पर्वतराजीतील गार्मिश या गावी, 'नाटो'च्या विज्ञान समितीने बोलावलेल्या परिषदेसाठी युरोप-अमेरिकेतील सुमारे पन्नास जाणकार एकत्र आले, तेव्हा त्यांच्यापुढील प्रश्न वरकरणी निव्वळ व्यवहाराचा होता : संगणकासाठी लिहिल्या जाणाऱ्या मोठमोठ्या प्रणाली ठरल्या मुदतीत आणि ठरल्या खर्चात पुऱ्या का होत नाहीत, आणि झाल्याच तर त्यांवर भरवसा का ठेवता येत नाही? पीटर नाउर आणि ब्रायन रँडेल यांनी संपादिलेला त्या परिषदेचा वृत्तांत आज वाचू लागल्यास ध्यानात येते ते असे की, 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हे नाव संयोजकांनी बुद्ध्याच, ऐकणाऱ्यास डिवचण्याच्या हेतूने, योजिले होते. स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीस सिद्धांताचा आणि शिस्तीचा जसा आधार असतो तसा या नव्या धंद्यासही असावयास हवा, ही त्यामागची मागणी होती. तो आधार हाती आलेला आहे असा दावा तेथे मांडलेला नव्हता. त्याच वर्षी मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या पेढीची स्थापना झाली. म्हणजे शास्त्राची मागणी आणि महाराष्ट्रातील व्यवसाय ही दोन्ही समवयस्क आहेत, आणि व्यवसायाने शास्त्राची वाट पाहिली नाही हे ओघानेच आले.

त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. आज पदव्युत्तर वर्गात या विषयाची मूलतत्त्वे म्हणून जे शिकविले जाते त्याचा ताळेबंद मांडावयास बसले म्हणजे आढळते की, एकाच मथळ्याखाली अगदी भिन्न प्रतीचे ज्ञान शेजारीशेजारी बसविलेले आहे. काही विधाने गणिताने सिद्ध झालेली आहेत. काही एखाद्या कुशल रचनाकाराच्या विवेकातून निघालेली असून ती तर्काने पटतात, पण मोजून दाखविता येत नाहीत. काही मोजमापांतून आलेली आहेत, आणि ती मोजमापे कधी भक्कम तर कधी अत्यंत लेचीपेची आहेत. आणि काही विधानांची सारी प्रतिष्ठा एका पाठ्यपुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेल्यामुळे वाढलेली आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने ही सारी विधाने वापरावयास शिकावे, त्यास माझी हरकत नाही. परंतु पदव्युत्तर अभ्यासास जर स्वतंत्र प्रयोजन असेल, तर ते कोणत्या विधानावर किती भार टाकता येतो याची शहानिशा करण्याची विद्या शिकविणे हेच होय, आणि प्रस्तुत आढावा त्याच दृष्टीने घेतला आहे.

संस्थांचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी अमेरिकेतील सिअ‍ॅटल विद्यापीठाने १९७९ साली सुरू केली. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये संगणक-उद्योजक अ‍ॅन वँग यांच्या देणगीतून वँग संस्था निघाली, तिने नाव कमावले, आणि १९८७ साली ती बंदही पडली. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८४ साली अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशाने सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्था स्थापन झाली, आणि तिच्या साहाय्याने पुढे त्या विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा राहिला. न्यू जर्सीतील स्टीव्हन्स संस्थेच्या पुढाकाराने २००९ साली पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा एक आदर्श मसुदा प्रसिद्ध झाला, आणि व्यवसायाच्या ज्ञानक्षेत्रांची अधिकृत यादी 'स्वेबोक' या नावाने वेळोवेळी सुधारून निघत असते. अशा याद्या कारभाराच्या सोयीच्या असतात. मान्यता देणाऱ्या समितीस त्यांवाचून चालत नाही. मात्र त्यांत आवश्यकता, रचना, चाचणी, देखभाल, व्यवस्थापन अशी प्रकरणे सारख्या अधिकाराने मांडलेली असल्यामुळे, ती सारी सारख्याच पक्क्या जमिनीवर उभी आहेत असा विद्यार्थ्याचा ग्रह होतो, आणि हा ग्रह पुढे आयुष्यभर निघत नाही.

जमीन सर्वांत पक्की जेथे आहे तेथून आरंभ करू. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ साली, आणि त्यांच्या विचाराचा धागा पुढे नेत बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील टोनी होर यांनी १९६९ साली, असे दाखवून दिले की आज्ञावली ही गणितातील विधानासारखी तपासता येते : आरंभी अमुक अट पाळलेली असेल आणि आज्ञावलीचे काम संपत असेल, तर अखेरीस तमुक अट पाळलेली असेलच, अशा स्वरूपाचे विधान घ्यावे आणि ठराविक नियमांनी ते पायरीपायरीने सिद्ध करावे. चाचणीने दोष असल्याचे कळते, नसल्याचे कधीच कळत नाही, हे डाइक्स्ट्रा यांचे म्हणणे ज्यांना पटले होते त्यांना या मार्गात मुक्तीच दिसली. आजही पदव्युत्तर विद्यार्थ्याने होर यांचा तो लहानसा लेख मुळातून वाचावा, दहा-बारा आज्ञावल्या स्वतः हाताने सिद्ध कराव्यात, आणि मग द्विभाजन शोधाची कथा ऐकावी.

ती कथा अशी. क्रमाने लावलेल्या यादीत एखादे मूल्य शोधावयाचे तर यादीचा मध्य पाहावा, आणि हवे ते मूल्य ज्या अर्ध्यात असेल त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य पाहावा. मध्य काढण्यासाठी खालचा आणि वरचा क्रमांक मिळवून दोहोंनी भागावे. जॉन बेंटली यांनी आपल्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या प्रसिद्ध पुस्तकात ही आज्ञावली सिद्धतेसह दिली आहे. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी, जावा भाषेच्या ग्रंथालयासाठी हाच शोध ज्यांनी स्वतः लिहिला होता त्यांनी, जाहीर केले की तीत दोष आहे आणि तो सुमारे नऊ वर्षे तेथे दडून होता. दोष बेरजेत होता. गणितातील पूर्णांकांस अंत नाही. जावाच्या साध्या पूर्णांकास २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाता येत नाही. यादी सुमारे १०७ कोटी घटकांची झाली की दोन क्रमांकांची बेरीज ही मर्यादा ओलांडू शकते, उत्तर ऋण येते, आणि शोध कोसळतो. सिद्धता चुकली नव्हती. ती ज्या पूर्णांकांविषयी होती ते पूर्णांक यंत्रात नव्हते, एवढेच! ज्या विद्यार्थ्याने ही सिद्धता आधी स्वतः केली असेल आणि तीत हा दोष त्यास दिसला नसेल, त्याला गृहीतकांची यादी वेगळी लिहून काढण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

या मार्गावरील मोठा आक्षेप १९७९ साली डी मिलो, लिप्टन आणि पर्लिस या त्रयीने घेतला. गणितातील सिद्धता खरी मानली जाते ती केवळ तर्कामुळे नव्हे, तर चार गणिती ती वाचतात, सोपी करतात, वर्गात शिकवतात आणि इतरत्र वापरतात म्हणून. आज्ञावलीची शेकडो पानांची रूक्ष सिद्धता कोण वाचणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्याला प्रत्यक्ष उत्तर मिळावयास तीन दशके लागली, आणि ते वाचक वाढल्याने मिळाले नाही. सिद्धता तपासण्याचे काम यंत्राकडे सोपविल्याने मिळाले. ऑस्ट्रेलियात २००९ साली 'एसईएल-फोर' नावाच्या, सी भाषेतील सुमारे ८,७०० ओळींच्या संगणक-गाभ्याची संपूर्ण सिद्धता यंत्राकरवी तपासून पुरी झाली. चौकटी आणि साधने धरून त्या सिद्धतेस सुमारे २० मनुष्यवर्षे खर्ची पडली. हा आकडा वाचून एक वाचक म्हणेल की मार्ग सिद्ध झाला, दुसरा म्हणेल की मार्ग न परवडणारा आहे, आणि दोघांपाशी समर्पक कारणे आहेत. अलीकडे यंत्राकडूनच आज्ञावली लिहवून घेण्याची जी टूम निघाली आहे तिने हा वाद मिटविला नाही, उलट धारदार केला आहे. कारण लिहिणारा कोणीही असो, काय हवे आहे ते निःसंदिग्ध मांडण्याची जबाबदारी मागविणाराकडेच राहते, आणि होर यांच्या आरंभीच्या व अखेरीच्या अटी म्हणजे तीच जबाबदारी होय.

गणिताचा प्रांत सोडून रचनेच्या प्रांतात शिरताना डेव्हिड पार्नास यांच्या १९७२ सालच्या लेखाशी दीर्घकाळ थांबावे, असे मला वाटते. लेखाचे उदाहरण क्षुल्लक आहे. ग्रंथांच्या शीर्षकांची अशी सूची करावयाची की प्रत्येक शीर्षक त्यातील प्रत्येक शब्दाखाली सापडावे. 'मराठी गद्याचा इतिहास' हे शीर्षक घेतले तर त्यातील पहिला शब्द शेवटी फिरवीत जावे, म्हणजे 'गद्याचा इतिहास मराठी' आणि 'इतिहास मराठी गद्याचा' अशी रूपे मिळतात. अशी सर्व रूपे अकारविल्हे लावली की सूची तयार. आता ही आज्ञावली भागांत कशी विभागावी? त्या काळचा, आणि खरे सांगावयाचे तर आजच्याही बहुसंख्य वर्गांतला, सरळ मार्ग असा की कामाच्या टप्प्यांप्रमाणे भाग पाडावे : एक भाग शीर्षके वाचील, दुसरा ती फिरवील, तिसरा क्रम लावील, चौथा छापील. पार्नास यांनी ही विभागणी करून दाखविली, ती चालते हेही मान्य केले, आणि मग विचारले की उद्या शीर्षके स्मृतीत साठविण्याची पद्धत बदलली तर किती भाग उघडावे लागतील? उत्तर असे की जवळजवळ सगळे. कारण साठवणीची रचना प्रत्येक भागाला ठाऊक आहे. त्यांची दुसरी विभागणी टप्प्यांवर नव्हे, निर्णयांवर उभी आहे. जो निर्णय बदलण्याचा संभव आहे तो एकाच भागाच्या पोटात ठेवावा आणि इतरांपासून दडवावा. साठवणीची पद्धत एका भागाचे गुपित, फिरविलेली रूपे प्रत्यक्ष लिहून ठेवावयाची की मागितल्यावर काढावयाची हे दुसऱ्याचे गुपित, क्रम एकदम लावावयाचा की लागेल तसा लावावयाचा हे तिसऱ्याचे.

इतके वाचून विद्यार्थी मान डोलावतो, आणि येथेच अध्यापकाने त्यास अडविले पाहिजे. पार्नास यांनी हे सिद्ध केलेले नाही, मोजलेलेही नाही. त्यांनी संभाव्य बदलांची एक यादी दिली आणि दोन्ही रचना त्या यादीशी ताडून पाहिल्या. यादीत नसलेला बदल आला तर? टप्प्यांची विभागणीच ज्यात सोयीची ठरेल असा बदल कल्पिता येतो काय? माझ्या मते पदव्युत्तर वर्गातील एक संपूर्ण आठवडा या एका प्रश्नाला द्यावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून दोन्ही रचना लिहवून घेऊन त्यांवर त्याने स्वतः शोधलेले बदल लादून पाहावे. लेखातील प्रतिपादन या कसोटीतून बहुतांशी तरून जाते, आणि तरून जाताना भविष्याचा अंदाज हेच रचनेचे खरे भांडवल असल्याचे उघड होते. हा अंदाज चुकू शकतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या 'माहिती-गोपन' या दोन ओळींच्या व्याख्येतून कोणासही कळणार नाही.

मूळ लेख न वाचण्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र विन्स्टन रॉइस यांचे आहे. अंतराळयानांसाठी सॉफ्टवेअर करवून घेण्याचा अनुभव असलेल्या या गृहस्थांनी १९७० साली एक निबंध वाचला, त्यात आवश्यकता, विश्लेषण, रचना, लेखन, चाचणी आणि वापर अशी एकाखाली एक उतरणारी आकृती काढली, आणि लगेच लिहिले की ही पद्धत जशीच्या तशी अंमलात आणणे धोक्याचे असून अपयशास निमंत्रण देणारे आहे. कारण वेळ, साठवण आणि बाह्य उपकरणे यांचा खरा अनुभव चाचणीत, म्हणजे सर्वांत शेवटी येतो, आणि तेथे चूक निघाली की मुळाशी परतावे लागते. उरलेला निबंध या धोक्यावरील उपायांचा आहे : प्रणाली नवी असेल तर ती दोनदा बांधावी, पहिली बांधणी अनुभवासाठी, ग्राहकास आरंभापासून बांधून घ्यावे, आणि कागदपत्रे विपुल लिहावी. या शेवटच्या बाबतीत त्यांचा हात भलताच सैल होता. पन्नास लाख डॉलरच्या यंत्रसामग्रीस ३० पानांचे विवरण पुरेल, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला १,५०० पाने लागतील असा त्यांचा अंदाज होता. 'धबधबा' हा शब्द निबंधात कोठेही नाही. तरी ती आकृती तेवढी उचलली गेली, तिला धबधबा प्रतिमान हे नाव मिळाले, रॉइस तिचे जनक ठरले, आणि त्यांनी ज्यापासून सावध केले त्याचेच ते पुरस्कर्ते म्हणून असंख्य विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नांदत आहेत. अकरा पानांचा निबंध आहे. वाचावयास एक संध्याकाळ पुरते.

मोजमापाच्या प्रांतात सावधगिरी याहून अधिक हवी. उत्तम आणि सुमार प्रोग्रामर यांच्या कामात २८ पटींचे अंतर असते हे विधान, कधी दहा पटींवर उतरवून, आजही नेमणुकांच्या आणि पगारवाढीच्या चर्चेत फेकले जाते. त्याचा उगम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील एका प्रयोगात आहे, ज्यात अवघे १२ अनुभवी प्रोग्रामर होते आणि तपासावयाचे होते ते भलतेच : संगणकाशी प्रत्यक्ष बसून काम करणे बरे, की गठ्ठे देऊन उत्तराची वाट पाहणे बरे? दोन निरनिराळ्या पद्धतींनी काम करणारांतला सर्वांत जलद आणि सर्वांत मंद यांची तुलना करून आलेला हा आकडा दिशाभूल करणारा आहे, असे लुट्झ प्रेशेल्ट यांनी पुढे त्याच सामग्रीचे फेरविश्लेषण करून दाखविले. माणसामाणसांत फरक असतोच. परंतु त्या आकड्यावर वेतनश्रेणी उभारू नये.

नवे संशोधनही या रोगापासून मुक्त नाही. २०१४ साली गिटहबवरील शेकडो प्रकल्पांचा अभ्यास करून कोणत्या प्रोग्रॅमिंग भाषेत दोष अधिक राहतात याविषयी निष्कर्ष मांडणारा एक निबंध गाजला. २०१९ साली दुसऱ्या गटाने तो अभ्यास पुन्हा करून पाहिला, तेव्हा बहुतेक निष्कर्ष टिकले नाहीत. त्यात सापडलेली एक गोष्ट मोठी मासलेवाईक आहे. टाइपस्क्रिप्ट भाषेच्या फायली ज्या 'टीएस' प्रत्ययाने ओळखल्या होत्या, तोच प्रत्यय क्यूटी या साधनसंचातील अनुवादाच्या फायलींनाही असतो. परिणामी बिटकॉइनसारखे, टाइपस्क्रिप्टशी सुतराम संबंध नसलेले प्रकल्प त्या भाषेच्या खात्यावर जमा झाले होते. लाखो ओळींवर संख्याशास्त्राची मोठी यंत्रणा चालविण्यापूर्वी कोणीतरी पन्नास फायली उघडून पाहिल्या असत्या तर हे टळले असते. असे फेरअभ्यास प्रबंधिकेसाठी उत्तम विषय होत. आपल्याकडे मात्र 'यात नवे काय' असे विचारून ते नाकारण्याची परंपरा आहे, आणि ती मला अनिष्ट वाटते.

या साऱ्यांत मला सर्वांत आदर्श वाटणारा प्रयोग जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांचा, १९८६ सालचा. विमान वा अणुभट्टी यांसाठी एकाच कामाच्या तीन आज्ञावल्या तीन निराळ्या माणसांकडून लिहवून घ्याव्या आणि बहुमताने उत्तर ठरवावे, म्हणजे एकाची चूक दुसरे झाकतील, हा विचार त्या वेळी जोरात होता. त्यामागील गृहीतक असे की स्वतंत्रपणे लिहिलेल्या आज्ञावल्या स्वतंत्रपणेच चुकतात. दोन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांकडून एकाच विवरणावरून २७ आज्ञावल्या लिहवून घेण्यात आल्या आणि प्रत्येकीवर दहा लाख चाचण्या घेण्यात आल्या. अनेक आज्ञावल्या एकाच वेळी, एकाच जागी चुकत असल्याचे, निव्वळ योगायोगाने घडेल त्याहून कितीतरी अधिक वेळा, दिसून आले. प्रश्नातील अवघड जागा सर्वांनाच अवघड जातात. स्वच्छ गृहीतक, स्वच्छ कसोटी आणि स्वच्छ नकार असे हे त्रिकूट या विषयात दुर्मीळ आहे, आणि अप्रिय निष्कर्षाबद्दल त्या लेखकांना टीकाही पुष्कळ सोसावी लागली.

लेव्हसन यांचेच दुसरे कार्य, थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या अपघातांची क्लार्क टर्नर यांच्यासह केलेली तहकीकात, अभ्यासक्रमात अवश्य असावी. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्राने सहा रुग्णांना अतोनात मात्रा दिली. एक दोष असा की यंत्राची तपासणी व्हावयाची आहे हे दर्शविणारा आकडा एका बाइटात ठेवला होता आणि प्रत्येक फेरीस तो एकाने वाढत असे. २५६ व्या फेरीस तो शून्यावर येई, आणि नेमक्या त्या क्षणी चालकाने कळ दाबली तर तपासणी गाळून किरण सुरू होत. विद्यार्थ्याचे लक्ष या बाइटवर खिळून राहते, ते स्वाभाविकच आहे. परंतु अहवालाचा रोख निराळीकडे आहे : आधीच्या यंत्रात असलेले स्वतंत्र विद्युत्-यांत्रिक अडसर या यंत्रातून सॉफ्टवेअरच्या भरवशावर काढून टाकले होते, आणि तक्रारी येऊ लागल्यावरही निर्मात्यांनी दोष इतरत्र शोधला.

महाराष्ट्रात या अभ्यासाची सामग्री नाही असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सॉफ्टवेअर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९७० च्या दशकातच होते. १९८१ साली पुण्यात टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्र सुरू झाले, आणि झुरिकमध्ये पास्कल भाषेच्या प्रसिद्ध संकलकावर काम केलेले केशव नोरी यांच्यासारखे अभ्यासक तेथे आले. त्याच वर्षी बंगळूरात सॉफ्टवेअर तंत्राच्या पायाभूत सिद्धांतांना वाहिलेली, आजतागायत दरसाल भरणारी परिषद सुरू झाली. गणिती बाजू आपण राखली आहे. उणीव आहे ती नोंदींवर उभ्या राहणाऱ्या संशोधनाची, आणि तिचे कारण बुद्धीत नसून करारनाम्यांत आहे : पुण्या-मुंबईच्या पेढ्या परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रणाली वर्षानुवर्षे सांभाळतात, पण त्यांच्या नोंदी ग्राहकाच्या मालकीच्या असल्यामुळे विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत.

यावर तोड निघू शकते, हे मेरीलँडने दाखविले आहे. १९७६ साली नासाचे गॉडार्ड केंद्र, मेरीलँड विद्यापीठ आणि एक मक्तेदार कंपनी यांनी मिळून सॉफ्टवेअर अभियांत्रिकी प्रयोगशाळा स्थापन केली. उपग्रहांच्या आज्ञावल्या लिहिणारे लोक खर्ची पडलेले तास, केलेले बदल आणि सापडलेले दोष यांचे तक्ते भरून देत, आणि व्हिक्टर बॅसिली यांच्यासारखे प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांसह त्यांचा अर्थ लावीत. हा व्यवहार दोन दशकांहून अधिक टिकला. पुण्यातील एखाद्या विद्यापीठाने एखाद्या पेढीकडे असेच मागावे : आज्ञावली नको, ग्राहकाचे नाव नको, दोष कधी नोंदला, कोणत्या भागात सापडला, दुरुस्तीस किती तास लागले आणि त्या दुरुस्तीतून नवा दोष निघाला काय, एवढ्या चार रकान्यांची दहा वर्षांची वही द्यावी. वापरात असलेली प्रणाली सतत बदलावी लागते आणि मुद्दाम श्रम केल्यावाचून तिची गुंतागुंत वाढतच जाते, असे नियम मेअर लेहमन यांनी १९७४ पासून मांडले, ते आरंभी मुख्यतः आयबीएमच्या एकाच कार्यप्रणालीच्या नोंदींवरून. वीस-पंचवीस वर्षे चालत आलेल्या बँकप्रणालींना ते लागू पडतात की नाही, हे त्या वहीवर दोन वर्षे बसून एम. टेक.चा एखादा विद्यार्थी तपासू शकेल.